आधीं टीप, मग ग्रंथ!

गेल्या वर्षीं एम्. ए. च्या तोंडी परीक्षेस आम्ही परीक्षक म्हणून बसलों असतां घडलेली हकीकत प्रथम सांगतों, कारण या लेखाचें मूळ तिच्यांत आहे. जेम्स जॉइस याची ‘युलिसिस’ ही कादंबरी अभ्यासक्रमांत होती. एका विद्यार्थ्यास आम्हीं विचारलें, लिओपोल्ड ब्लूम हा गृहस्थ खिशांत बटाटा घालून दिवसभर कां हिंडतो? विद्यार्थ्यानें क्षणाचाहि विलंब न लावतां उत्तर दिलें: बटाटा ही त्याच्या मृत आईची आठवण आहे, संधिवातावरचा तोडगा म्हणूनहि तो जवळ बाळगलेला आहे, शिवाय आयर्लंडांतील १८४५ पासूनच्या दुष्काळाची छाया त्यावर पडलेली आहे. उत्तर निर्दोष होतें. मग आम्हीं सहज पुसलें, हा बटाटा वाचकास प्रथम कोठें भेटतो, आणि त्या वेळीं ब्लूम काय करीत असतो? यावर तो मुलगा गोंधळला, छताकडे पाहूं लागला, आणि शेवटीं प्रामाणिकपणें म्हणाला, “सर, तें मीं वाचलेलें नाहीं. टीप वाचली आहे.”

त्यास आम्हीं चांगले गुण दिले. न देऊन सांगतों कोणास? विचारलेल्या प्रश्नाचें उत्तर त्यानें बरोबर दिलें होतें. चुकलें होतें तें आमचें. ज्या प्रश्नाचें उत्तर टीपेंत मिळतें तोच प्रश्न आम्हीं विचारला, आणि टीप वाचणाराच त्यांत उत्तीर्ण झाला, यांत नवल तें कोणतें?

पण ग्रंथांत काय घडतें तें पहा. १६ जून १९०४ ची सकाळ आहे. न्याहारीसाठीं खाटकाकडून गुरदा आणावयास ब्लूम निघाला आहे. उंबऱ्यावर उभा राहून तो खिसा चांचपतो. घराची किल्ली त्यांत नाहीं, ती कालच्या विजारींत राहिली. बटाटा मात्र आहे. एवढेंच, आणि गोष्ट पुढें सरकते. बटाटा कसला, कशासाठीं, हें सांगण्यास लेखक थांबत नाहीं. कारण ब्लूमला तें ठाऊक आहे, आणि स्वतःच्या मनाशीं बोलतांना कोणी स्वतःस टीपा देत नसतो. वाचक बुचकळ्यांत पडतो, चिडतो, विसरतो. पुढें दुपारच्या गडबडींत त्याच खिशांत तोच बटाटा पुन्हां हातास लागतो. उलगडा होतो तो पंधराव्या प्रकरणांत, मध्यरात्रीं, शहराच्या बदनाम वस्तींत, एक परकी स्त्री त्याच्या खिशांतून तो काढून घेते तेव्हां. चौथ्या प्रकरणापासून पंधराव्यापर्यंत तो बटाटा वाचकाच्याहि खिशांत राहिलेला असतो. आईची आठवण म्हणून एखादी क्षुद्र वस्तु वर्षानुवर्षें जवळ बाळगणें म्हणजे काय, हें त्यास त्या वेळीं जसें कळतें, तसें तें परीक्षेंतील तीन मुद्यांच्या उत्तरांत कसें येणार?

आमचा वाद आहे तो एवढ्यासाठीं. ‘युलिसिस’ वाचण्याच्या साह्यार्थ इंटरनेटवर आज जें विपुल साहित्य उभें राहिलें आहे त्याचे आम्ही वैरी नव्हों, हें प्रारंभींच सांगून टाकणें बरें. आमच्या विद्यार्थिदशेंत, म्हणजे सुमारें पस्तीस वर्षांपूर्वीं, या ग्रंथावरील टीपांचें एकच जाडजूड पुस्तक आमच्या ग्रंथालयांत होतें, आणि तें ज्या कपाटांत होतें त्याची किल्ली सदैव दुसऱ्याच कोणाकडे असे. आज तालुक्याच्या गांवीं बसलेली मुलगी हातांतील मोबाइलवर काय पाहूं शकते, याची नुसती गणती केली तरी आम्हांस तिचा हेवा वाटतो. ‘प्रोजेक्ट गुटेनबर्ग’वर मूळ ग्रंथ फुकट उपलब्ध आहे. १९१८ ते १९२० या काळांत ‘लिटल रिव्ह्यू’ या अमेरिकन मासिकांतून तो क्रमशः छापला जात होता. त्या मासिकाचे अंक ‘मॉडर्निस्ट जर्नल्स प्रोजेक्ट’नें पानागणिक छायाचित्रें घेऊन ठेवले आहेत. १९२१ सालीं ज्या प्रकरणामुळें त्या मासिकाच्या दोन संपादिकांस न्यूयॉर्कच्या न्यायालयानें पन्नास पन्नास डॉलर दंड केला, तेंहि त्यांत पहावयास मिळतें. आयर्लंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयानें २००२ सालीं विकत घेतलेलीं जॉइसचीं हस्तलिखितें २०१२ पासून कोणाहि घरबसल्या वाचकास खुलीं आहेत. मॉन्टाना विद्यापीठाचे प्राध्यापक जॉन हंट यांच्या ‘जॉइस प्रोजेक्ट’ या संकेतस्थळावर संपूर्ण संहिता असून तिच्यांतील शब्दांवर बोट ठेवतांच टीप उघडते. टीपांचे रंगहि विषयवार निरनिराळे. आयरिश नभोवाणीनें १९८२ सालीं सबंध कादंबरी नटांकडून वाचून घेऊन एका दमांत प्रक्षेपित केली होती; तें सुमारें तीस तासांचें वाचन आज वाटेल त्यास ऐकतां येतें. फ्रँक डिलेनी नांवाच्या रसिक लेखकानें २०१० पासून वाक्यावाक्याचें विवरण करणारी ध्वनिमाला चालविली होती. २०१७ सालीं तो वारला तेव्हां ती अपुरी राहिली. ज्यानें एका ग्रंथाच्या वाक्यांमागून असें चालावें आणि वाटेंतच देह ठेवावा, त्याची थट्टा आम्ही तरी करणार नाहीं.

तेव्हां साधनें वाईट, असें आमचें म्हणणें नाहीं. क्रम वाईट आहे. आमच्या वर्गांत येणारा सामान्य विद्यार्थी प्रथम सारांश वाचतो, नंतर टीपा वाचतो, मग वेळ उरल्यास मूळ ग्रंथाचीं कांहीं पानें चाळतो; आणि वेळ उरत नाहीं, हें सांगावयास नकोच. आतां तर प्रश्न टाइप करतांच उत्तर जुळवून देणारीं यंत्रें निघालीं आहेत, म्हणून टीप वाचण्याचाहि शीण उरलेला नाहीं.

येथें एक जुनी गंमत सांगण्याजोगी आहे. ‘युलिसिस’वरचें पहिलें मोठें मार्गदर्शक पुस्तक स्टुअर्ट गिल्बर्ट यांनीं १९३० सालीं प्रसिद्ध केलें. हे गृहस्थ पूर्वीं ब्रह्मदेशांत न्यायाधीश होते. त्यांचें पुस्तक निघालें त्या वेळीं मूळ कादंबरीवर इंग्लंड-अमेरिकेंत बंदी होती. २ फेब्रुवारी १९२२ रोजीं, जॉइसच्या चाळिसाव्या वाढदिवशीं, पॅरिसमध्यें सिल्व्हिया बीच या पुस्तकविक्रेत्या बाईंनीं ती प्रथम छापली, ती अवघ्या १००० प्रतींची. अमेरिकन न्यायाधीश वुल्झी यांचा अनुकूल निकाल १९३३ चा, आणि इंग्लंडांत ती छापली गेली १९३६ सालीं. मूळ ग्रंथ वाचकास मिळण्याची शक्यताच कमी, म्हणून गिल्बर्ट यांनीं आपल्या पुस्तकांत त्यांतील लांबलचक उतारे भरले. म्हणजे ग्रंथ मिळत नसे म्हणून लोक त्यावरची टीका वाचीत. आज ग्रंथ फुकट खिशांत आहे, आणि लोक टीकाच वाचतात! त्या वेळीं बंदी घालण्यास न्यायालय लागत असे. आतां आम्ही ती आपखुषीनें पाळतों.

कोणती टीप द्यावी आणि कोणती देऊं नये, याविषयीं आमचें मत आम्ही एका वाक्यांत मांडतों. १९०४ सालच्या डब्लिनच्या नागरिकास जें ठाऊक होतें तें वाचकास सांगावें. जॉइसनें जें मुद्दाम झांकून ठेवलें तें सांगूं नये. पार्नेल कोण, १८९१ सालीं तो वारल्यावर आयर्लंडचे लोक एवढे हळहळत कां राहिले, हें सांगितल्यावांचून आमच्या विद्यार्थ्यास कित्येक पानें वांझ वाटतील. न्यूयॉर्कच्या नदींत १५ जून १९०४ रोजीं ‘जनरल स्लोकम’ ही आगबोट जळून हजाराहून अधिक माणसें मेलीं. दुसऱ्या दिवशीं डब्लिनकर त्याविषयीं बोलतात तें वर्तमानपत्रांतील ताज्या बातमीविषयीं बोलतात. हीहि टीप हवी. अशी टीप वाचकास ब्लूमच्या शेजारीं नेऊन उभा करते. परंतु दुसऱ्या जातीची टीप त्यास ब्लूमच्या डोक्यावर चढवून बसविते, आणि तेथून कादंबरी दिसत नाहीं, नकाशा दिसतो.

घोड्याची गोष्ट घ्या. पांचव्या प्रकरणांत बॅंटम लायन्स नांवाचा एक ओळखीचा इसम रस्त्यांत ब्लूमला गांठतो व शर्यतीची बातमी पाहण्यासाठीं त्याच्या हातांतलें वर्तमानपत्र मागतो. ब्लूमला त्याची ब्याद नको असते. तो म्हणतो, ठेवून घे, मी तें फेंकूनच देणार होतों. हें ऐकतांच लायन्सचा चेहरा बदलतो, तो पत्र परत देतो आणि लगबगीनें निघून जातो. कां गेला? ब्लूमला समजत नाहीं. वाचकासहि समजत नाहीं. खरी गोष्ट अशी कीं, त्या दिवशीं अ‍ॅस्कटच्या सुवर्णचषकाच्या शर्यतींत ‘थ्रोअवे’, म्हणजे ‘फेंकून देण्याची वस्तु’, अशा नांवाचा घोडा धांवणार होता, आणि ब्लूमनें आपल्यास गुप्त इशारा दिला असा लायन्सनें समज करून घेतला. तो घोडा प्रत्यक्ष इतिहासांत त्या दिवशीं एकास वीस अशा भावानें जिंकला. बाराव्या प्रकरणांत दारूच्या गुत्त्यांत बातमी पसरते कीं ब्लूमनें या घोड्यावर पैसे लावून घबाड मिळविलें आहे, आणि चिक्कूपणानें तो कोणास एक पेलाहि पाजीत नाहीं. तो यहुदी म्हणून तेथें आधींच नकोसा. त्यांत ही भर पडून प्रकरण त्याच्या अंगावर डबा भिरकावण्यापर्यंत जातें. ब्लूमनें एक छदामहि लावलेला नव्हता.

आतां पांचव्या प्रकरणांतच टीपेनें हें सर्व सांगून टाकलें तर काय झालें? एका निरपराध माणसावर आळ कसा येतो, गैरसमजाचें बीं कोठें पडतें आणि सात प्रकरणांनंतर कोठें उगवतें, हें वाचकानें स्वतः अज्ञानांत राहून अनुभवावें अशी ती सारी रचना आहे. गुत्त्यांत बातमी ऐकतांच वाचकास मागचा रस्ता आठवतो, तो पानें उलटून मागें जातो, आणि त्यास कळतें कीं, आपणहि तेथें हजर होतों व आपणहि कांहीं पाहिलें नाहीं. तें मागें जाणें म्हणजेच या कादंबरीचें वाचन होय. त्या परतीच्या वाटेवर कोणी आधींच पाटी ठोकून ठेवली तर वाचकाच्या हातीं काय उरलें? मैफलींत गवई समेवर येण्यापूर्वींच शेजारच्या गृहस्थानें “आतां सम आली हं!” असें कानांत सांगावें, त्यांतलाच हा प्रकार. शेजाऱ्याचें ज्ञान खरें असतें. आपण मात्र दुसरीकडे जाऊन बसतों.

आमच्याकडे भाष्यांची परंपरा लहान नाहीं. मल्लिनाथानें कालिदासावर टीका लिहितांना, जें निराधार तें लिहिणार नाहीं आणि जें अनपेक्षित तेंहि बोलणार नाहीं, असा दुहेरी नेम केला होता. आजचे टीपाकार यांतला पहिला नेम पाळतात. त्यांची विद्वत्ता आणि कष्ट यांबद्दल आम्ही शंका घेत नाहीं. दुसरा नेम त्यांच्या गांवींहि नाहीं. कागदावर जागा बेतानें असे, तेव्हां टीपेस आपोआप मर्यादा पडे. संकेतस्थळावर जागेस तोटा नाहीं, म्हणून संयमासहि कारण उरलें नाहीं.

यावर एक आक्षेप घेतला जाईल आणि तो भक्कम आहे. जॉइसनें स्वतःच किल्ल्या वांटल्या, त्याचें काय? प्रत्येक प्रकरणास होमरच्या काव्यांतील कोणता प्रसंग जुळतो, कोणतें इंद्रिय, कोणती कला, कोणता रंग, याचा तक्ता त्यानें १९२० सालीं कार्लो लिनाती या मित्रास पाठविला. असाच दुसरा तक्ता हातोहात फिरत अखेर गिल्बर्ट यांच्या पुस्तकांत छापला गेला, आणि तोहि त्याच्या संमतीनेंच. पुढील कित्येक शतकें प्राध्यापकांस पुरतील एवढीं कोडीं आपण घातलीं आहेत, असें तो म्हणाल्याचेंहि सांगतात. हें सर्व आम्हांस मान्य आहे. परंतु दोन गोष्टी आक्षेपकांनीं विसरूं नयेत. प्रकरणांचीं तीं होमरी नांवें छापील ग्रंथांत कोठेंहि नाहींत; मित्रांस जें सांगितलें तें ग्रंथांत त्यानें घातलें नाहीं. आणि त्या तक्त्यांत रंग आहेत, इंद्रियें आहेत, पण मॅकिंटॉश घातलेला माणूस कोण, हें नाहीं.

हा माणूस सहाव्या प्रकरणांत स्मशानांत उगवतो. त्यास कोणी ओळखीत नाहीं. वार्ताहर ब्लूमला विचारतो, तो कोण होता? ब्लूम त्याच्या अंगावरील मॅकिंटॉशचा, म्हणजे पावसाळी कोटाचा, उल्लेख करतो. वार्ताहर तें नांवच समजतो, आणि सायंकाळच्या पत्रांत अंत्ययात्रेस हजर असलेल्या सद्गृहस्थांच्या यादींत ‘मॅकिंटॉश’ छापून येतो. सतराव्या प्रकरणांत, रात्रीं निजण्याच्या वेळीं, ब्लूम अजून विचार करीतच असतो कीं तो होता तरी कोण. ग्रंथ संपतो, उत्तर नाहीं. यावर पंडितांनीं अनेक तर्क लढविले आहेत. कोणी तो स्वतः जॉइसच, असेंहि म्हणतात. तर्क लढवावेत, त्यांत मौज आहे. पण ज्याला ब्लूमप्रमाणें एक दिवसभर तो प्रश्न डोक्यांत वागवावा लागलेला नाहीं, त्यास त्या तर्कांची मौज कोठून येणार? त्यास ती केवळ यादी.

उत्तर देण्याचा मोह विद्वानांसहि कसा आवरत नाहीं, याचा दाखला खुद्द संहितेच्या इतिहासांत आहे. स्टीफन डेडॅलस हा तरुण, सर्व माणसांस ठाऊक असलेला तो शब्द कोणता, असें तिसऱ्या प्रकरणांत स्वतःस विचारतो, आणि पंधराव्यांत मृत आईच्या पिशाचास विचारतो. जुन्या छापील पाठांत उत्तर नव्हतें. १९८४ सालीं हान्स वाल्टर गाब्लर या जर्मन संशोधकानें हस्तलिखितांवरून नवी आवृत्ति सिद्ध केली, आणि तिच्यांत नवव्या प्रकरणांत कांहीं ओळी परत आणल्या. त्यांप्रमाणें तो शब्द ‘प्रेम’ असें स्टीफन स्वतःच म्हणतो. नकलणाराच्या नजरचुकीनें त्या गळल्या, हें गाब्लरचें म्हणणें. जॉइसनेंच त्या जाणून वगळल्या असाव्यात, हें प्रतिपक्षाचें. तो वाद मिटलेला नाहीं, आणि आम्ही तो मिटविणार नाहीं. आमच्या विद्यार्थ्यांपुरती गोष्ट एवढीच कीं, सारांशांत वाचून ते बेधडक लिहितात, ‘तो शब्द प्रेम’; आणि ज्या फुकटच्या पाठावरून त्यांनीं अभ्यास केला असें ते सांगतात, त्यांत तें वाक्यच नाहीं. उत्तर आहे, ग्रंथ नाहीं!

मराठी वाचकास ‘युलिसिस’ फार दूरचा वाटावा असेंहि नाहीं. संज्ञाप्रवाह हा शब्द आमच्या टीकेंत रुळून कित्येक दशकें झालीं, आणि मर्ढेकरांनीं ‘रात्रीचा दिवस’मध्यें १९४२ सालींच तो प्रयोग करून पाहिला. शिवाय या ग्रंथांत अशा जागा आहेत, जेथें आमचा विद्यार्थी लंडनच्या विद्यार्थ्यापुढें असतो. चौथ्या प्रकरणांत ब्लूमची बायको मॉली अंथरुणांत पडल्या पडल्या पुस्तकांतील एका ग्रीक शब्दाचा अर्थ त्यास विचारते. तो शब्द आत्म्याच्या देहांतराचा, पुनर्जन्माचा. नवरा विद्वत्तेनें समजावूं लागतो, आणि ती वैतागून, सरळ बोल, असें बजावते. इंग्रज वाचकासाठीं यावर पायथॅगोरसपासून टीप. आमच्या वर्गांत आम्हीं हा भाग वाचला तेव्हां एक विद्यार्थिनी म्हणाली, “सर, एवढें काय त्यांत? माझी आजी हें एका वाक्यांत सांगेल.” बाराव्या प्रकरणांत प्रेतात्म्यांशीं बोलणाऱ्या थिऑसफिस्टांची टर उडविली आहे. परलोकीं गेलेला एक गृहस्थ तेथील सुखसोयींचें वर्णन करतो, आणि टेलिफोन, लिफ्ट व न्हाणीघर यांच्या इंग्रजी नांवांना दीर्घ आकारांचा साज चढवून जॉइसनें त्यांचें थेट संस्कृत करून सोडलें आहे. हा विनोद डोळ्यांनीं वाचून कळत नाहीं. तो मोठ्यानें वाचावा लागतो, आणि मोठ्यानें वाचल्यावर, ज्यानें लहानपणीं रामरक्षा म्हटली आहे त्यास हंसूं आवरत नाहीं. वर्गांत तो प्रथम उमगला तो मागल्या बाकावरच्या एका मुलास, ज्याचा मोबाइल त्या दिवशीं सुदैवानें बंद पडला होता.

टीपा मुळींच नकोत असें म्हणणाऱ्या पंथाचेहि आम्ही अनुयायी नाहीं. आमच्या पिढींतील कांहीं अध्यापक अभिमानानें सांगतात कीं, आम्हीं हा ग्रंथ नुसता वाचला, कोणाचा आधार घेतला नाहीं. आम्हींहि तसाच वाचला, आणि त्यांतला फार मोठा भाग आम्हांस समजला नाहीं, हें कबूल करण्यांत आम्हांस कमीपणा वाटत नाहीं. पार्नेलसंबंधींचीं पानें आम्हीं आंधळ्यासारखीं ओलांडलीं. तो पराक्रम नव्हे, दारिद्र्य होतें. आणि दारिद्र्याचा वारसा मुलांस द्यावा असें आम्हांस वाटत नाहीं.

या वर्षीं आम्हीं वर्गांत एक व्यवस्था करून पाहिली आहे. प्रकरण प्रथम ऐकावयाचें. आयरिश नभोवाणीचें वाचन लावतों, आणि पुस्तक समोर उघडें असतें. मग प्रत्येकानें घरीं तें वाचून, न कळलेल्या जागा वहींत उतरवून आणावयाच्या. दुसऱ्या दिवशीं त्या जागांची वांटणी होते. ब्लूमच्या शेजाऱ्यांस जें ठाऊक असेल त्याच्या टीपा आम्ही लागलीच उघडतों. बाकीच्या जागांपुढें नुसती खूण. परीक्षेंतील प्रश्नहि बदलले पाहिजेत म्हणून आम्हीं मंडळाकडे अर्ज केला होता. ‘आदर्श उत्तरपत्रिका तयार करणें अशक्य’ अशा शेऱ्यानिशीं तो परत आला आहे, आणि आम्ही तो पुन्हां धाडणार आहों.

पांचवें प्रकरण झालें त्या दिवशीं एका मुलीनें विचारलें, “सर, तो लायन्स असा एकाएकीं पळाला कां?” मोबाइलकडे तीन हात गेले, आम्हीं ते तेथेंच थांबविले. मुलगी थोडी रुष्ट झाली, पण तिनें वहींत खूण केली आहे. आम्ही सध्यां आठव्या प्रकरणांत आहों.